वर काय आहे?

मी संगणकावर एक खेळ तयार करतो आहे असे सांगितले की आमच्या वसतिगृहातली मुले आधी खुर्ची जवळ ओढतात. त्यात चित्रे नाहीत असे सांगितले की तीच खुर्ची हळूहळू मागे सरकते. "चित्रं नाहीत, गाडी नाही, बंदूक नाही. मग आहे काय?" आहेत ती फक्त वाक्ये. तू कुठे उभा आहेस हे संगणक चार ओळींत सांगतो. काय करायचे ते आपण एक वाक्य टंकून त्याला सांगायचे. त्यावर तो पुढची हकीकत सांगतो. 'दार उघड' म्हटले तर दार उघडते, नाहीतर ते का उघडत नाही हे तरी कळते. एवढाच खेळ. मराठी विशेष घेऊन तिसऱ्या वर्षाला बसलेल्या माणसाला यापेक्षा जास्त काही जमण्यासारखेही नव्हते.

पण हा खेळ करावासा वाटला तो संगणकाच्या ओढीने नव्हे. त्याचे मूळ लोहगडावर आहे. अधिक खरे सांगायचे तर लोहगडाच्या पायथ्याशी, लोहगडवाडीतल्या चहाच्या एका टपरीत.

माझ्या खोलीतला मित्र जन्मापासून पाहू शकत नाही. सारे वसतिगृह त्याला मास्तर म्हणते. 'मी तुला बोललो' असे कोणी म्हटले की 'तुला म्हणालो' अशी दुरुस्ती तो समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधी करतो, म्हणून हे नाव. संस्कृतचा विद्यार्थी, चालणे भरभर, आणि चहा दिवसाला सहा कप. पहिल्या वर्षी ऐन पावसाळ्यात आम्ही दहाबारा जण मळवलीला उतरून लोहगडाला गेलो, तेव्हा तोही आमच्याबरोबर होता. वाडीपर्यंत तो सगळ्यांच्या पुढे चालला. तिथून पायऱ्या सुरू होतात. मी पायऱ्यांकडे पाहिले, पाण्याकडे पाहिले, आणि मोठ्या समंजसपणे म्हणालो, "मास्तर, फार निसरडं आहे. तू इथं बस. आम्ही दोन तासांत येतो."

कोणीही हरकत घेतली नाही. मास्तरनेही नाही. त्याने काठीची घडी केली आणि टपरीतल्या बाकावर बसला. दोन तासांचे तीन तास झाले.

खाली आल्यावर त्याने विचारले, "वर काय आहे?"

"मस्त आहे रे. नुसतं धुकं."

"धुकं इथंही होतं. ओला झालोय मी. वर काय आहे?"

मी गडबडलो. मग तो एकेक विचारू लागला. दरवाजे किती? पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत पायऱ्या किती? दरवाजाच्या आत उभे राहून बोलले तर आवाज घुमतो का? उंबरठा पाय उचलून ओलांडावा लागतो की सहज? भिंतीचा दगड तासलेला की ओबडधोबड? टाक्यातले पाणी पिऊन पाहिले का? मी तीन तास गडावर होतो, बावीस छायाचित्रे काढून आणली होती, आणि यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. दरवाजे चार आहेत हे तेवढे मी सांगितले, तेही फलकावर वाचले होते म्हणून. मळवलीच्या फलाटावर आम्ही दोघेही फारसे बोललो नाही.

दुसऱ्या वर्षी ग्रंथालयात एका वेगळ्याच कामासाठी बसलो असताना विल क्राऊदर या अमेरिकन माणसाची हकीकत वाचनात आली. हा गृहस्थ व्यवसायाने संगणकाचा आणि छंदाने गुहांचा. केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या अजस्र गुहेच्या परिसरात तो आणि त्याची पत्नी पॅट्रिशिया रांगत, मापे घेत, नकाशे करत. १९७२ साली शेजारच्या फ्लिंट रिज गुहांचा मॅमथशी असलेला जोड ज्या तुकडीने शोधून काढला तिच्यात पॅट्रिशिया होती. पुढे दोघे विभक्त झाले. क्राऊदरचे गुहांत जाणे सुटले, मुली दुरावल्या. तेव्हा १९७५-७६च्या सुमारास त्याने फोर्ट्रान या संगणकीय भाषेत त्याच गुहेचा एक खेळ लिहिला. मुलींना खेळता यावा, संगणकाची सवय नसलेल्याला भीती वाटू नये, म्हणून साध्या इंग्रजी शब्दांना उत्तर देणारा. १९७७ साली स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने तो वाढवला आणि 'ॲडव्हेंचर' या नावाने तो संगणक असलेल्या ठिकाणी सगळीकडे पसरला. या खेळाला फक्त दोन शब्दांचे वाक्य कळे, आणि प्रत्येक शब्दाची पहिली पाचच अक्षरे तो ध्यानात घेई.

मला त्या पाच अक्षरांपेक्षा मुलींचे वाटले. जिथे आता जाणे होत नाही ती जागा एक माणूस वाक्यांनी बांधतो आणि आपल्या मुलींना म्हणतो, जा, हिंडा. शब्दांचे हे खेळ दृष्टिहीन माणसेही आवडीने खेळतात, कारण शब्द ऐकता येतात, हेही त्याच वाचनात कळले. लोहगड असा लिहायचा, असे मी त्या दिवशी ठरवले. मास्तरला सांगायचे नाही, तयार झाल्यावर एकदम पुढ्यात ठेवायचा. या 'सांगायचे नाही'मध्ये किती मोठी चूक होती ते पुढे येईलच.

आता प्रश्न साधनाचा. क्राऊदरने सगळे हाताने लिहिले. त्याच्यानंतरच्यांनी इतरांसाठी अवजारे करून ठेवली. १९७९ साली अमेरिकेतल्या एम.आय.टी.मधल्या मंडळींनी इन्फोकॉम ही कंपनी काढली. त्यांचा 'झॉर्क' हा खेळ घरगुती छोट्या संगणकांत मावेना, म्हणून त्यांनी एक काल्पनिक संगणकच रचला. खेळ त्या कल्पनेतल्या यंत्रासाठी लिहायचा, आणि प्रत्येक खऱ्या संगणकावर त्या यंत्राचे सोंग आणणारा एक छोटा प्रोग्रॅम ठेवायचा. त्याला झेड-मशीन म्हणतात. १९८३ साली वेल्समधल्या ग्रीम यँडल यांनी 'द क्विल' काढले. त्यामुळे प्रोग्रॅमिंग न येणारी माणसेही असे खेळ करू लागली. १९८९ साली इन्फोकॉम बंद झाली. पण १९९३ साली ग्रॅहम नेल्सन या इंग्रज गणितज्ञाने त्याच झेड-मशीनसाठी 'इन्फॉर्म' ही भाषा तयार करून सर्वांना फुकट दिली. कंपनी गेली, तिचे काल्पनिक यंत्र मागे राहिले. एखादे नाटक बंद पडावे आणि त्याचा रंगमंच गावाने वापरत राहावा, तसे.

पुण्यात संगणकाच्या कंपनीत असलेल्या आतेभावाला मी फोन केला. तो म्हणाला, "अरे, सरळ पायथॉन शीक, नोकरीला उपयोगी पडेल." मला नोकरी नको होती, लोहगड हवा होता. मग मी स्वतःच शोधत बसलो.

पहिल्यांदा मन गेले ते २००६ साली आलेल्या 'इन्फॉर्म ७' वर. याची तऱ्हा अशी की प्रोग्रॅम साध्या इंग्रजी वाक्यांत लिहायचा. दिवा टेबलावर आहे, टेबल खोलीत आहे, असे लिहिले की दिवा टेबलावर ठेवला गेलाच. भाषेच्या विद्यार्थ्याला यापरते सुख नाही. मात्र पहिलेच वाक्य लिहून मी थांबलो. 'गणेश दरवाजा इज अ रूम.' गड मराठी, पण तो बांधायचा इंग्रजीत. आणि 'तिकडे जाता येत नाही', 'हे दिसत नाही' अशी जी शेकडो लहानसहान वाक्ये यंत्र स्वतःहून बोलते, तीही इंग्रजीत. 'टॅड्स' नावाचे दुसरे एक साधन पाहिले. त्याला देवनागरी चालते, पण त्याचे पुस्तक वाचूनच माझी पदवी पुरी झाली असती.

शेवटी 'ट्वाइन' सापडले. ख्रिस क्लिमास यांनी २००९ साली केलेले. यात प्रोग्रॅम असा जवळजवळ नाहीच. पडद्यावर चौकोन काढायचे, प्रत्येक चौकोनात मजकूर लिहायचा, आणि हव्या त्या शब्दांभोवती दुहेरी कंस घातला की त्या शब्दांची लिंक होते. ती दाबली की पुढचा चौकोन. तयार होते ते साधे वेबपान, देवनागरी सुरेख दिसते, आणि टाइप काहीच करावे लागत नाही. मास्तरला हे सोपे जाईल, असे मी स्वतःशीच ठरवले. चार महिने लिहीत होतो. साठएक चौकोन झाले. 'धुक्यात हरवलेली हिरवीगार दरी' असे काहीतरी त्यांत वारंवार येत होते आणि त्याचा मला अभिमानही होता.

दिवाळीच्या सुटीनंतर ते मास्तरपुढे ठेवले. तो संगणक वापरतो तो एन.व्ही.डी.ए. या स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचे सगळे वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोघा अंध मित्रांनी तो वाढवला आणि फुकट वाटला, सुरुवात २००६ची. मास्तर त्याचा वेग इतका ठेवतो की आपल्याला ती भाषा आहे हेसुद्धा ओळखू येत नाही. दहा मिनिटांत तो माझ्या गडाच्या माथ्यावर जाऊन खाली आला.

"लिंक, लिंक, लिंक," तो म्हणाला. "तीन लिंका ऐकल्या की कळतं, इथं तीनच गोष्टी होऊ शकतात. मग मी कशाला डोकं चालवू? आणि ते हिरवीगार धुक्यात हरवलेली वगैरे तू त्या दिवशीही सांगितलं होतंस."

"टाइप करायला नको म्हणून केलं रे तसं. तुला सोपं जावं म्हणून."

"कोणाला? मला?" तो हसला. "टाइप करायचा त्रास मला होतो की तुला?"

हे मात्र खरे होते. मी मराठी लिहितो ती मोबाइलवर, रोमन अक्षरांतून. मास्तर शाळेपासून इनस्क्रिप्ट शिकलेला आहे. सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाण म्हणून ठरवलेला तो कळफलक. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. एफ आणि जे या कळांवरचे बारीक उंचवटे बोटांना लागले की बाकीच्या कळा तो न चुकता गाठतो. आमच्या मजल्यावर त्याच्याइतके वेगाने देवनागरी कोणीही टंकत नाही. आणि त्याच्यासाठी खेळ करताना मी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर त्याचा कळफलक काढून घेतला. लोहगडवाडीत काठी बाजूला ठेवायला लावली होती, तशीच.

"मला विचारू दे," तो म्हणाला. "तू दाखवू नकोस. मी विचारीन, तू उत्तर दे."

त्या रात्री मला उमगले की टपरीतल्या बाकावरून त्याने जे प्रश्न विचारले होते, तोच खरा खेळ होता. भिंतीला हात लाव. पाणी पी. हाक मार. त्याला निवडायला वाटा नको होत्या. हवा तो प्रश्न विचारता यायला हवा होता. ट्वाइन वाईट नाही; वाटा ज्याच्या आधीच ठरलेल्या आहेत अशा कथेला ते छान साधन आहे. पण विचारणाऱ्याच्या मनात काय येईल याची जागा त्यात मी ठेवली नव्हती. म्हणजे वाक्य समजून घेणारे साधन हवे, आणि तेही मराठी वाक्य.

मी इन्फॉर्मकडे परतलो. या वेळी जुन्या, सहाव्या आवृत्तीकडे, जिचे पुस्तक नेल्सनने विलक्षण आस्थेने लिहिले आहे. इंग्रजीचे सगळे नियम त्याने एका वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवले आहेत, म्हणजे दुसऱ्या भाषेच्या माणसाने तेवढी फाइल बदलावी. जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश लोकांनी ती बदललीही. त्यातच एक मोकळी जागा अशी आहे की खेळाडूचे वाक्य यंत्राकडे जाण्यापूर्वी तिथे अडवून त्याला हवे ते वळण देता येते. हे वाचून मी हुरळून गेलो आणि झेड-मशीनवर आपटलो. शब्दकोशातल्या शब्दासाठी त्या यंत्राच्या पुढच्या आवृत्त्यांतही नऊच घरे असतात. इंग्रजी अक्षराला एक घर पुरते. परक्या अक्षराला चार लागतात. म्हणजे देवनागरीची दोन चिन्हे बसली की कोश भरला. 'दरवाजा', 'दरी' आणि 'दरड' हे तिन्ही शब्द त्या यंत्राच्या लेखी एकच. गडावर याइतका धोक्याचा घोटाळा दुसरा नसेल. यातून वाट काढता येते, वर्णमालेचा तक्ता बदलता येतो, अँड्र्यू प्लॉटकिनने केलेल्या ग्लल्क्स या मोठ्या यंत्राकडे जाता येते. पण दर पावलाला मी दुसऱ्याच्या घरात भिंती पाडत होतो.

मास्तर हे सगळे ऐकत होता. तो म्हणाला, "मग घर आपलंच बांधू. छोटं."

शहाणी माणसे याच्या उलट सांगतात: वाक्य समजणारा प्रोग्रॅम स्वतः लिहायला जाऊ नका, त्यात वर्षे जातात. आतेभावानेही हेच सांगितले, आणि 'तरी करायचंच असेल तर पायथॉन' असे पुन्हा बजावले. आम्ही पायथॉन आठवडाभर करून पाहिले. त्यात कोणती ओळ कोणत्या ओळीच्या पोटात हे ओळीच्या आधी सोडलेल्या जागेवरून ठरते. डोळ्यांना ते फार स्वच्छ दिसते. एन.व्ही.डी.ए.ला सांगितले तर तो ती जागा बोलून किंवा सूर वाजवून कळवतो, पण आठवड्यानंतर मास्तरने कानावरचे काढून ठेवले. "बासरी ऐकत प्रोग्रॅम लिहायचा का? मला कंस दे. कंस ऐकू येतात, मोकळी जागा ऐकू येत नाही."

जावास्क्रिप्टमध्ये महिरपी कंस असतात. ती कोणत्याही ब्राउझरमध्ये चालते, खेळ म्हणजे एक वेबपान राहते, आणि पानाच्या ज्या भागात नवा मजकूर येतो त्यावर एक खूण केली की स्क्रीन रीडर तो आपणहून वाचतो. साधन ठरले. चार-पाच महिने मी नामांकित अवजारांचे गुणदोष तोलत बसलो होतो. निवड झाली ती कंसावर, आणि ती मी केली नाही.

नकाशा मात्र इन्फॉर्मचाच घेतला. खोल्या, खोल्यांत वस्तू, वस्तूंत वस्तू, आणि जे जवळ आहे त्यालाच हात लावता येतो हा नियम. भाषेचा भाग मास्तरने मागून घेतला. आणि इथे, पहिल्या वर्षी ज्याला आम्ही सारे कंटाळलो होतो ते व्याकरण कामाला आले.

इंग्रजीत शब्दांचा क्रम बदलला की अर्थ बदलतो, म्हणून ती यंत्रे क्रमाला जपतात. आपल्याकडे 'किल्लीने कुलूप उघड' म्हणा की 'कुलूप किल्लीने उघड' म्हणा, किल्ली किल्लीच राहते. विभक्तीने तिच्या गळ्यात पाटी अडकवलेली असते. तेव्हा क्रमाकडे पाहायचे नाही, शेवट पाहायचा. '-ने' असेल तर साधन, '-त' असेल तर ठिकाण, '-ला' असेल तर ज्याच्यावर क्रिया घडते ते. आम्हाला वाटले, झाले काम. मग 'भात घे' असे लिहून पाहिले. नारायण दरवाजापाशी एक भुयार आहे. त्यात पूर्वी भात आणि नाचणी साठवत असे सांगतात, म्हणून खेळात तिथे आम्ही भाताची रास घातली होती. यंत्राने 'त' काढून टाकला आणि विचारले, 'भा'मधून काय घेऊ? 'किल्ला बघ' म्हटले तर 'किल्' नावाचे कोणी इथे नाही असे उत्तर आले. यावर उपाय साधा निघाला: आधी अख्खा शब्द कोशात शोधायचा, तिथे नसेल तरच प्रत्यय सोडवायचा.

पण प्रत्यय सोडवला तरी खाली मूळ शब्द सापडत नाही. 'दिव्यात'मधून 'त' गेला की 'दिव्या' उरते, 'दिवा' नव्हे. 'विहिरीत'मधली 'विहिरी' ऱ्हस्व, 'विहीर' दीर्घ. कुलूप, कुलपाला. टाके, टाक्यात. पाणी, पाण्याला. सामान्यरूपाचे जे तक्ते परीक्षेपुरते पाठ करून विसरलो होतो, ते मास्तरने आठवून आठवून यंत्रात भरले. एक नियम लावला की दोन अपवाद पुढे येत. रात्री अकराला दिवे मालवल्यावर मला झोप यायची; त्याला दिव्याशी कर्तव्य नव्हते. सकाळी उठून पाहावे तर आणखी वीस शब्द चालू झालेले असत.

'वास घे' हे आमच्या जोडक्रियापदांतले सर्वांत छळवादी निघाले. 'घे' दिसले की यंत्र वास उचलायला धावे आणि सांगे, 'इथे वास नाही.' वर्गातल्या एका मैत्रिणीला खेळायला दिले तर तिने वेगळेच दाखवले. "'तू वर आलास' काय? मी 'आलास' नाही, 'आलीस'." इंग्रजी खेळांच्या 'यू'ला हा प्रश्नच पडत नाही. मराठी भूतकाळ मात्र खेळणारा कोण हे पहिल्याच वाक्यात विचारतो. मग खेळणाऱ्याचा उल्लेखच टाळून वाक्ये लिहू लागलो: 'पायऱ्या इथे संपतात. डावीकडे भिंत, हाताला गार.' वर्णनातले 'हिरवेगार' गेले, 'गार' राहिले.

ते 'गार' खरे की खोटे? इथेच मी पुन्हा अडलो. 'भिंतीला हात लाव' हे वाक्य यंत्राला आता नीट कळत होते, आणि द्यायला उत्तर माझ्यापाशी नव्हते. मी म्हटले, "रविवारी एकटाच जाऊन येतो, वही घेऊन."

मास्तर काही बोलला नाही. मग मलाच ऐकू आले, आपण काय म्हणालो ते.

गेल्या जानेवारीत आम्ही दोघे गेलो. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशात घेतले त्यांत लोहगड आहे, त्यामुळे गर्दी फार होती. टपरीवाल्याने मास्तरला ओळखले आणि बाक पुसला. मास्तर म्हणाला, "आज नाही. उतरताना." एका हातात काठी, दुसरा माझ्या कोपरावर, असा तो चढला. दम मला लागला. गणेश दरवाजात तो कमानीखाली थांबला, टाळी वाजवली, ऐकली, दोन पावले पुढे जाऊन पुन्हा वाजवली. मागून येणारी मंडळी थबकली. देवडीच्या कट्ट्यावर त्याने तळहात फिरवला. पहिल्या दरवाजापासून दुसऱ्यापर्यंतच्या पायऱ्या त्याने मोजल्या. तो आकडा इथे देत नाही, कारण खेळातल्या एका कोड्याचे ते उत्तर आहे. मी वहीत लिहीत होतो. दगड उन्हाच्या बाजूला कोमट आणि कमानीच्या आत गारच होता. माझे 'गार' निम्मे खरे ठरले. नारायण दरवाजापाशी भुयाराच्या तोंडाशी त्याने वास घेतला आणि म्हणाला, "माती आणि पाकोळ्या. भात नाही." भात आम्ही खेळातून काढला नाही, वासाचे वाक्य मात्र बदलले.

हनुमान दरवाजापर्यंत पोचलो तेव्हा चार वाजले होते. टाळ्या, मोजदाद आणि लिखाण यांत दिवस गेला होता. परतीची लोकल धरायची होती, म्हणून तिथूनच मागे फिरलो. महादरवाजा, वरची टाकी, लक्ष्मी कोठी, विंचूकाटा, काहीच झाले नाही. खाली टपरीत त्याने लागोपाठ तीन चहा घेतले.

खेळही सध्या तेवढाच आहे. तीन दरवाजे, एक भुयार, एक देवडी, सत्तावीस वस्तू, आणि मास्तरच्या कोशात चारशेच्या वर शब्दरूपे. यंत्राला न कळलेली वाक्ये मी एका वहीत उतरवून ठेवतो, म्हणजे पुढे त्यांची सोय करता येते. बहुतेक वाक्ये मित्रांची आहेत आणि त्यांतली काही या अंकात छापण्याजोगी नाहीत. परवा मास्तर हनुमान दरवाजाशी येऊन थांबला. पुढे आम्ही काही लिहिलेलेच नाही हे त्याला ठाऊक होते. तरी त्याने टंकले, 'वर काय आहे?'

आज्ञा कळतील असे यंत्र आम्ही केले आहे. प्रश्नाची सोय त्यात नाही. ते म्हणाले, 'हे वाक्य कळले नाही.'

मी ते वहीत लिहून घेतले. मास्तरने मळवलीच्या लोकलच्या वेळा पाहून ठेवल्या आहेत. सकाळची पहिली गाडी धरली तर विंचूकाट्यापर्यंत जाऊन येता येईल, असे त्याचे म्हणणे आहे.